आज चमचा कोणाकडे

आवाज म्हटला तर काहीच नव्हता. घशाखाली घोट उतरताना होतो तेवढाच. पण दुपारचे चार वाजलेले, रमजानचा सव्विसावा दिवस, चौदा शेगड्या पेटलेल्या आणि पहाटेपासून कुणाच्याच पोटात पाण्याचा थेंब नाही, अशा स्वयंपाकघरात तो रफीकाला पंख्यांच्या घरघरीतूनही ऐकू आला. तिने गुणांच्या तक्त्यावरून मान वर केली. सातव्या शेगडीपाशी शम्सा उभी होती, हातात लाकडी चमचा, समोर हरीसचं पातेलं. गहू आणि मांस दोन्ही शिजून एकमेकांत मुरायला लागले होते. चमचा रिकामा होता आणि शम्साचा गळा नुकताच हलून थांबला होता. तिच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नव्हतं. शेजारच्या शेगडीवरच्या हमदच्या आधी आलं.

"शम्सा! अगं, रोजा!"

तेरा माना वळल्या. शम्साने चमच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि तिचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरला. "विसरले," ती म्हणाली.

"नशीब काढलंस बाई! खुद्द देवानं भरवलं तुला."

"चमचा केवढा मोठा विसरलीस पण! आम्ही विसरलो तर चहाचा चमचासुद्धा वाट्याला येत नाही."

"देवा, मलाही विसरू दे रे, एकच पेला ताक!"

हसण्याची लाट आली आणि ओसरली. चुकून खाल्लं तर रोजा मोडत नाही, हे इथल्या पोराटोरांना पाळण्यातच कळतं, त्यामुळे नियमाने पाहिलं तर घडलं काहीच नव्हतं. चव बघण्याचीही सोय होती. ही शिस्त रफीकानेच लावून दिली होती: रमजानात पदार्थ जिभेच्या टोकाला लावायचा, बेसिनपाशी जाऊन थुंकायचा, चूळ भरायची, परत शेगडीशी यायचं. दिवसभर चौदा मुलं बेसिनकडे ये-जा करत. शम्साही करत होती. आज पहिल्यांदा ती बेसिनकडे न जाता गिळून मोकळी झाली, आणि ती रोजा विसरली नव्हती हे रफीकाला तत्क्षणी कळलं. ती भोवतालची माणसं विसरली होती. तीन दिवस झाले, दुपारच्या नमाजाला बायकांच्या खोलीबाहेर शम्साच्या सपाता दिसत नव्हत्या. टाचेपाशी झिजलेल्या, डाव्या सपातेचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. सोळा वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईला सपाता ओळखता येतात, आणि त्या का दिसत नाहीत तेही कळतं. महिन्यातले ते चार-पाच दिवस पोरीला रोजाही नसतो आणि नमाजही नसतो. ती पोटभर जेवली तरी देवाची तक्रार नाही. तक्रार असते ती माणसांची, आणि तीसुद्धा उघड कुणी करत नाही. नुसतं बघतात.

शम्साने वर पाहिलं. तेरा जणांना ओलांडून तिची नजर सरळ रफीकापाशी आली. एक वाक्य पुरलं असतं. "मीच सांगितलं होतं तिला," एवढं. वाक्य रफीकाच्या ओठांपर्यंत आलंही. पण ओठ कोरडे होते, सकाळपासून उभं राहून पायांच्या शिरा टरारल्या होत्या, आणि ते वाक्य बोललं की त्याच्या मागोमाग आणखी दहा वाक्यं बोलावी लागणार होती. तिने मान खाली घातली आणि सातव्या रकान्यात स्वच्छतेचे दहापैकी नऊ लिहिले.

सत्र संपायला आलं की माणसाचं गाढव होतं, हे ती सोळा वर्षं निझवाच्या या पाककला-संस्थेत अनुभवत होती. एकशे दहा सुऱ्या मोजून परत घ्यायच्या, त्यातल्या सहा दर वर्षी सापडत नाहीत. एप्रन धुऊन आलेत का ते बघायचं. शीतगृहातलं मांस ईदपर्यंत टिकेल की नाही हे वास घेऊन सांगायचं. लेखी पेपर तपासायचे, ज्यात दर वर्षी एखादा तरी मुलगा अंड्याचा उत्कलनबिंदू लिहितो. दुसऱ्या स्वयंपाकघराचा शेफ मनिलाचा, तो परवाच सुट्टीवर गेला, त्यामुळे त्याची मुलंही हिच्याच गळ्यात. बाहेर बेचाळीस अंश, आत किती ते कुणी बघत नाही. यंदा या सगळ्यावर कडी म्हणजे तिची बॅग भरून कचेरीत ठेवलेली होती. उद्या दुपारी तीनला मस्कतहून विमान, मध्ये एकदा बदलून रात्री ट्युनिस, तिथून सकाळच्या गाडीने स्फॅक्स, आईचं घर. तीन ईदा चुकल्या होत्या. एकदा आजार, एकदा कराराचं नूतनीकरण, एकदा नुसताच कंटाळा, ज्याला तिने फोनवर काम म्हटलं होतं. यंदा आई एक्याऐंशीची झाली होती आणि रफीकाने आईच्याच गळ्याची शपथ घेतली होती. या विमानानंतर ईदच्या चौथ्या दिवसापर्यंत एकही जागा नव्हती. हे तिने चारदा तपासलं होतं, आणि प्रत्येक वेळी तपासताना आपण नक्की कुठलं उत्तर येण्याची वाट बघतो आहोत असा एक विचित्र संशय तिला स्वतःबद्दल आला होता.

त्या दुपारी चारपासून सूर्यास्तापर्यंत शम्सा एकदाही बेसिनपाशी गेली नाही. रफीका बघत नव्हती असं नाही. ती मुलांमधून फिरत होती, कुणाच्या भाताची वाफ सुकते आहे, कुणाचा मासा जास्त वेळ चुलीवर राहिला आहे, हे टिपत होती, आणि प्रत्येक फेरीला सातव्या शेगडीपाशी तिची चाल किंचित जलद होत होती. शम्सा हरीस घोटत होती. लांब लाकडी घोटणीने, दोन्ही हातांनी, खांद्यापासून जोर लावून, जसं निझवाच्या मागच्या डोंगरातल्या खेड्यांत तिच्या आजीने, पणजीने घोटलं असेल. हात छान चालत होते. हे असं घोटणं शिकवून येत नाही, आणि रफीकाला ते आलंही नव्हतं. तिच्या गावी हरीसा म्हणजे लाल मिरचीचा ठेचा. पहिल्या वर्षी हा पदार्थ पाहून तिने 'आणि यात मिरची कधी घालायची?' असं विचारलं होतं आणि वर्ग लोटपोट हसला होता. घोटून झाल्यावर शम्साचा हात मिठाच्या भांड्याकडे गेला, थांबला. मांस शिजायला टाकताना मीठ घातलं होतं की नाही, हे आठवत असल्यासारखी ती क्षणभर उभी राहिली. खरं तर चमचा तोंडात घातला असता की उत्तर मिळालं असतं. हमद शेजारून बघत होता, वाईट हेतूने नव्हे, नुसताच. वीस वर्षांच्या मुलांना दुसऱ्याच्या शेगडीत बघण्याखेरीज काम नसतं. शम्साने मूठभर मीठ घातलं आणि झाकण ठेवलं.

आईच्या घरी असं कधी होऊ शकलं नसतं. स्फॅक्सचं ते स्वयंपाकघर केवढं, तर माणूस वळला की ढुंगण भिंतीला लागावं एवढं. पण रमजानात तिथे जी व्यवस्था होती ती या संस्थेच्या छापील नियमावलीत नव्हती. संध्याकाळी शोरब्याला उकळी आली की आई घरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "आज चमचा कोणाकडे?" आणि स्वतःच उत्तर द्यायची. "आज नबीहाकडे." किंवा, "आज माझ्याकडे." ज्याच्याकडे चमचा, त्याने चव बघायची, पूर्ण, गिळून, मीठ-मिरची सांगायची, आणि त्याला कुणी एक शब्द विचारायचा नाही. भावांना कित्येक वर्षं वाटत होतं की हे पाणी भरण्यासारखं, पाळीपाळीने येणारं काम आहे. एकदा धाकट्याने हट्ट धरला, "मला कधीच का नाही देत चमचा?" तेव्हा आब्बांना एकाएकी ठसका लागला आणि ते अंगणात निघून गेले. ज्या दिवशी घरातल्या सगळ्या बायका रोज्याच्या असत त्या दिवशी शेजारची सहा वर्षांची पोर बोलावली जाई, आणि त्या दिवशी चमचा तिच्याकडे. रफीका चौदाची असताना पहिल्यांदा तो चमचा तिच्या हातात आला. मोठा, ऑलिव्हच्या लाकडाचा, कडेला करपलेला. पोटात दुखत होतं, लाजेने मेल्यासारखं झालं होतं, कुणी बघू नये म्हणून ती दाराआड उभी होती, आणि आईने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं, सगळ्यांसमोर, आब्बांसमोर, भावांसमोर, आणि म्हणाली, "आज चमचा रफीकाकडे. बोल, काय कमी आहे?" सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं. भुकेने नव्हे, आदराने म्हणावं तर तेही नव्हे, पण तिच्या जिभेवर त्या सात माणसांची संध्याकाळ अवलंबून होती. "लिंबू," ती म्हणाली होती. लोक विचारतात, या धंद्यात कशा आलात? ती ट्युनिसच्या शाळेचं नाव सांगते. खरं उत्तर तेवढं एक लिंबू आहे.

आणि पुढे? पुढे समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलातल्या स्वयंपाकघरात एकोणीस पुरुषांमध्ये ती एकटी बाई. तिथे चमचा कुणी कुणाला देत नसे. चोविसाव्या वर्षी, अशाच एका रमजानात, ती शीतगृहाचं दार लावून घेऊन चीजचा तुकडा खात उभी होती, थंडीने बोटं आखडलेली, आणि मुख्य शेफने दार उघडलं. "विसरले," ती म्हणाली. तोच शब्द. चार वर्षं तिथे तिचं नाव 'विसराळू' पडलं होतं. ऑर्डर ओरडतानासुद्धा: "विसराळू, दोन मासे!" त्या वेळी तिने इकडेतिकडे पाहिलं होतं का, कुणी काही बोलेल म्हणून? पाहिलं असणार. आता आठवत नव्हतं. गेली दोन वर्षं तिचे ते दिवसच थांबले होते. आता तीसच्या तीस रोजे पुरे, एकही भरून काढायचा शिल्लक नाही. तिला वाटलं होतं की यात सुटका असेल. प्रत्यक्षात पहिल्या रमजानात पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी ती कोरड्या जिभेने खुर्चीवर बसली होती, आणि आता आपल्या हातात चमचा कधीच येणार नाही, या एका फुटकळ विचाराने तिला रडू फुटलं होतं. हे ती कुणाला सांगणार?

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. खजूर, पाणी, कॉफीच्या छोट्या कपांचा किणकिणाट. मुलं पाच मिनिटं जमिनीवर फतकल मारून बसली. मग ताटं आली. रफीका आणि विभागप्रमुख उस्ताद सुलेमान असे दोघे परीक्षक. सुलेमान मूळचे हॉटेलचे व्यवस्थापक, पोट सुटलेले, मनाने दिलदार, प्रत्येक पदार्थाला "मस्त!" म्हणणारे. त्यांचं मस्त ऐकायचं आणि गुण आपण द्यायचे, अशी वाटणी सोळा वर्षांत आपोआप झाली होती. सातवं ताट आलं. हरीस दिसायला देखणा होता, वर तुपाचा डाग, कणीविरहित, चमच्याला धरून राहणारा. रफीकाने एक घास घेतला आणि तो तोंडातच थांबला. मीठ दोनदा पडलं होतं. जीभ आत ओढली गेली.

सुलेमाननी घास घेतला, म आणि स यांच्या मध्येच अडकले, मग पाणी प्यायले. शम्साने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती ताट न उचलताच मागे सरकली.

मुलं गेल्यावर सुलेमान तक्ता घेऊन तिच्या शेजारी बसले. "उस्ताझा, पन्नास टाका."

"पन्नासला हे खाण्याजोगं आहे?"

"उंटाला चालेल. अहो, पन्नास म्हणजे पास. पोरगी सुटली, तुम्ही सुटलात, मी सुटलो. नापास केलंत तर उद्या दुपारी दोनला फेरपरीक्षा, निकाल ईदच्या आत वर जायला हवा, आणि ती घेणार कोण? मी? मला अंडं उकडता येत नाही, हे साऱ्या निझवाला ठाऊक आहे."

"डोंगरावरच्या त्या नव्या हॉटेलात नोकरी मिळायला तिला सत्तर लागतात."

"लागतात. मग नाही मिळणार. पुढच्या वर्षी दुसरं हॉटेल निघेल." त्यांनी बोटांनी डोळे चोळले. तेही थकले होते. "तुमची आई वाट बघतेय, उस्ताझा. विमानाला मी स्वतः गाडी घेऊन येतो. पन्नास टाका आणि घरी जा. कोण विचारणार आहे तुम्हाला?"

कोण विचारणार आहे, हे अगदी खरं होतं. पन्नास हा आकडा किती दयाळू दिसत होता! फेरपरीक्षा होण्यासाठी आधी नापास लिहावं लागतं; आणि नापास लिहिणं म्हणजे एका शेऱ्याने स्वतःच्या विमानाचं दार लावून घेणं. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि भांडी घासायच्या खोलीकडे गेली, कारण तिथून नळाचा आवाज येत होता.

शम्सा तळ खरवडत होती. बाह्या कोपरापर्यंत, डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला.

"मीठ दोनदा पडलं," रफीका म्हणाली.

"हो, उस्ताझा."

"पहिल्यांदा टाकलेलं आठवलं नाही?"

"नाही. ते सगळे हसले ना, मग डोक्यातून गेलंच."

"मग चव बघायचीस. जिभेला लावून थुंकायचं होतंस, बाकीच्यांसारखं."

"मग म्हणाले असते, मघाशी गटकन गिळलंस, आता कशी आठवण झाली?" पोरीने नळ बंद केला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी तुमच्याकडे बघितलं होतं, उस्ताझा."

"हो."

"तुम्ही खाली बघितलंत."

 एप्रनच्या खिशात रफीकाचा हात गेला आणि तिथे काही नव्हतं. लाज वाटली, सरळ वाटली, चौदाव्या वर्षी दाराआड वाटली होती तशीच, फक्त या वेळी तिला दंडाला धरून ओढायला कुणी नव्हतं.

"तुम्ही पन्नास द्या," शम्साच म्हणाली. "सगळ्यांना माहितेय तुमचं विमान आहे. आजीला मी सांगीन, हॉटेलवाल्यांनी डोंगरावरची मुलगी नको म्हणून सांगितलं. तिला पटेल ते. ती नाहीतरी म्हणतच होती, घरी काय शेगडी नाही का." आणि ती हसली, कामावरून दमून परतलेली बाई हसते तशी, एकोणीसच्या पोरीला न शोभणारं.

रात्रीचे आठ म्हणजे स्फॅक्समध्ये संध्याकाळचे पाच. तिथे अजून रोजा सुटायचा होता. रफीका कचेरीत बॅगेवर बसली होती, खुर्ची रिकामी असताना. तक्त्यावर सातव्या नावासमोर तिने लिहून टाकलं होतं: नापास, फेरपरीक्षा उद्या दोन वाजता.  मग तिने घरी फोन लावला. फोन धाकट्या बहिणीने, नबीहाने, उचलला. मागे भांड्यांचा आवाज.

"काय गं, बॅग भरलीस? उम्मीने सकाळपासून तुझी चादर तीनदा उन्हात घातली."

"नबीहा, ऐक. मी उद्या नाही निघत."

पलीकडून एक कडवट हसू आलं. "मला वाटलंच होतं. मी कालच नवऱ्याला म्हटलं, बघ, फोन येईल. या वर्षी काय? आजार? करार?"

"एका मुलीची परीक्षा."

"मुलीची परीक्षा! आणि इथे एक बाई आहे तिची कसली परीक्षा चाललीय ते माहितेय तुला?" नबीहाचा आवाज खाली आला, ती दाराआड सरकली असावी. "डॉक्टरांनी तिचा रोजा बंद केलाय. पहिल्या दिवसापासून. गोळ्या आहेत, पाणी प्यायलाच पाहिजे. आणि ती काय करते? आतल्या खोलीत चोरून गोळी घेते आणि शेजारणी आल्या की ओठ सुकवून बसते. मला घरी चोर पाळल्यासारखं झालंय! एक्याऐंशी वर्षं! कोण बोलणार आहे तिला? पण नाही. तू येशील तेव्हा तुलासुद्धा सांगू नको म्हणाली होती. आता तूच येत नाहीस, मग सांगायला काय."

रफीका काही बोलायच्या आत फोन हिसकावून घेतल्याचा आवाज झाला. आईचा श्वास, मग आई.

"येत नाहीस."

"नाही, उम्मी."

"मेली का कुणी?"

"नाही. एका मुलीला फेरपरीक्षा द्यायचीय. पदार्थ बिघडला तिचा."

या बाईला शपथेबद्दल विचारता आलं असतं. तीन ईदांचं विचारता आलं असतं. पण ती साठ वर्षं चुलीपुढे उभी राहिलेली बाई होती. "कसा बिघडला?" तिने विचारलं.

"मीठ दोनदा पडलं."

"मग चमचा कोणाकडे होता?"

"तिच्याकडेच असायला हवा होता. तिचे ते दिवस आहेत. पण तिला तो दिला नाही कुणी. मुलं होती समोर, ती लाजली."

मागून उकळीचा आवाज येत होता. तीन हजार मैलांवरच्या शोरब्याची उकळी. मग आईने अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं बाजारातून यायला उशीर झाला की विचारायची:

"आणि तू कुठे होतीस?"

रफीकाने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर संस्थेचं कॅलेंडर होतं, उद्याच्या तारखेभोवती तिनेच काढलेलं लाल वर्तुळ. "तिथेच होते, उम्मी," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. सोळा वर्षांत आईसमोर तो पहिल्यांदाच फुटत होता. "तिथेच होते मी. समोर. मी खाली बघितलं."

"हं," आई म्हणाली. रागावली नाही, समजूतही काढली नाही. "मग उद्या वर बघ." आणि मग मुद्दाम घरभर ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात, ज्यासरशी नबीहाच्या हातातलं काहीतरी खाली पडल्याचं ऐकू आलं: "ठेव आता फोन. शोरबा वर आलाय. यंदा चमचा माझ्याकडे आहे. महिनाभर माझ्याकडेच आहे!"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता स्वयंपाकघरात एकच शेगडी पेटली होती. तेरा शेगड्या पुसून झाकलेल्या, त्यामुळे खोली ओळखू येत नव्हती. सुलेमान एका कोपऱ्यात खुर्चीवर, हातात नियमावली घेऊन, जिचं एकही पान त्यांनी उलटलं नव्हतं. हरीस घोटायला फेरपरीक्षेत नियमाने एक जोडीदार मिळतो, आणि हमद न बोलावता आला होता. का आलास, विचारलं तर म्हणाला, घरी नुसता झोपून होतो. त्याला कालचं काही बोचत होतं हे दिसत होतं, पण काय बोचतंय हे त्याला स्वतःला माहीत असेल असं वाटत नव्हतं. शम्साने कालपेक्षा स्वच्छ रुमाल बांधला होता. तिचे डोळे सुजलेले होते. रफीका आत आली तेव्हा तिने वाकून सलाम केला आणि घड्याळाकडे पाहिलं, कारण विमान तीनचं होतं हे तिलाही माहीत होतं.

रफीकाने एप्रन बांधला. भांड्यांच्या कपाटातून एक लाकडी चमचा काढला, धुतला, पुसला. पाय कालच्यासारखेच दुखत होते, रात्री झोप झालीच नव्हती, घसा कोरडा होता. धाडस बिडस काही वाटत नव्हतं. हे आधीच, सोळा वर्षांपूर्वी, पहिल्याच रमजानात करायला हवं होतं, असा एक थकलेला संताप तेवढा होता. इतक्या वर्षांत किती पोरी त्या बेसिनपर्यंत खोट्या चुळा भरायला गेल्या असतील!

"ऐका," ती म्हणाली. हमदने मान वर केली, सुलेमाननी नियमावली मिटली. "माझ्या स्वयंपाकघरात रमजानात रोज एकाकडे चमचा असतो. ज्याच्याकडे चमचा, त्याने चव बघायची. पूर्ण बघायची. त्याला कुणी काही विचारायचं नाही, हसायचं नाही, आणि त्याच्याकडे टक लावून बघायचंही नाही. आज चमचा शम्साकडे."

"पण उस्ताझा, मग तिचा रोजा..." हमद म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघायच्या आतच त्याचे कान लाल व्हायला लागले. चार बहिणींचा भाऊ होता तो. कालपासून जे बोचत होतं त्याला आत्ता नाव मिळालं होतं. सुलेमान मोठ्याने खोकले, आब्बांसारखेच, आणि म्हणाले, "हमद, बाळा, घोटणी कोरडी करून आण जा. आणि वाटेत कुठे बोलत बसू नको."

शम्साने चमचा घेतला. सुरुवातीला दोन्ही हातांनी, काहीतरी सांडेल अशा भीतीने. मग तिने मांस टाकलं, पाणी, भिजवलेले गहू, दालचिनी. मीठ एकदा, मोजून. तीन वाजायला पाच मिनिटं कमी होती. रफीकाने घड्याळाकडे पाहिलंच, न पाहण्याचं ठरवूनही पाहिलं. मस्कतच्या धावपट्टीवर आत्ता एक विमान वळत असेल आणि त्यात एक खिडकीशेजारची जागा रिकामी असेल. स्फॅक्समध्ये आईने वाळवलेली चादर परत घडी करून कपाटात ठेवली असेल, किंवा ठेवली नसेल. पुढच्या ईदला ती चादर काढायला आई असेल का, हे रफीकाला माहीत नव्हतं, आणि ते न कळणं तिच्या छातीत घट्ट बसून राहिलं. ते तिने बसू दिलं. आणखी तासाभराने मांस मऊ झालं. हमद घोटत होता, शम्सा घोटत होती, घोटणीचा आवाज एका लयीत येत होता आणि गहू हळूहळू आपली कणी सोडत होते.

शम्सा थांबली. पातेल्यातून चमचा भरून घेतला, फुंकर घातली, आणि सवयीने तिची नजर बेसिनकडे गेली. मग रफीकाकडे आली.

रफीका वर बघत होती.

पोरीने चमचा तोंडात घातला. पंखे बंद होते, बाहेर रस्त्यावर दुपारचं चिटपाखरू नव्हतं, आणि त्या शांततेत घोट घशाखाली उतरल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. हमद जमिनीवरच्या फरशा मोजत होता. सुलेमाननी कपाळावरचा घाम पुसला. त्या तिघांपैकी कुणालाही सूर्यास्तापर्यंत त्या पातेल्यातलं काहीही कळणार नव्हतं.

"बोल," रफीका म्हणाली. "काय कमी आहे?"

शम्साने डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, आणि खूप वेळ घेतला.

"काही नाही, उस्ताझा," ती म्हणाली. "आज मीठ बरोबर आहे."